काय भाव निघाला?

पुणतांब्यात अंदाज फुकट मिळतो. पावसाचा मिळतो, कांद्याचा मिळतो, सोसायटीच्या निवडणुकीचा मिळतो, दौंडकडून येणारी गाडी आज किती लेट आहे याचा मिळतो आणि आयपीएलच्या दिवसांत नाणेफेकीचासुद्धा मिळतो. सांगणाऱ्याला कुणी मानधन देत नाही आणि अंदाज चुकला म्हणून कुणी त्याचा चहा बंद करत नाही. सलूनच्या बाकड्यावर, दूध डेअरीच्या पायरीवर, स्टेशनच्या फलाटावर ही सेवा बारा महिने तेरा काळ चालू असते. असल्या गावातल्या माणसाला अमेरिकेतल्या सॅल आयाकोनो नावाच्या गृहस्थाची कारकीर्द कळली, की त्याला कौतुक वाटत नाही. आपला वडिलोपार्जित धंदा दुसऱ्याच कुणीतरी स्वतःच्या नावावर करून घेतला, असं वाटतं.

या सॅलना तिकडे ‘कझिन सॅल’ म्हणतात, कारण ते जिमी किमेलचे भाऊ लागतात आणि किमेल हे अमेरिकेतल्या रात्रीच्या टीव्हीवरचं मोठं प्रस्थ आहे. सॅल शिकले वकिली. पण कोर्टात एकाच माणसाला, म्हणजे न्यायाधीशाला, गंभीर चेहऱ्याने पटवत बसण्यापेक्षा लाखो लोकांना एकदम हसवावं, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘द मॅन शो’साठी त्यांनी विनोद लिहिले, आणि २००३पासून ‘जिमी किमेल लाइव्ह’साठी. लिहिता लिहिता वेष पालटून, छुपा कॅमेरा लावून, रस्त्यावरच्या माणसांची फिरकी घ्यायचं खातंही त्यांच्याकडे आलं. भाऊच मालक असल्यावर खातेवाटपाला अडचण येत नाही. हे सहकाराच्या जिल्ह्यात जास्त फोड करून सांगायला नको.

पण गड्याचा खरा नाद होता सामन्यांवर पैज लावण्याचा. बिल सिमन्स नावाचे एक क्रीडास्तंभलेखक मध्यंतरी किमेलच्याच कार्यक्रमात विनोद लिहायला होते आणि नंतर पुन्हा खेळांकडे परतले. त्यांच्या पॉडकास्टवर हे दोघे दर आठवड्याला बसायचे आणि पुढच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांवर सट्टेवाले काय भाव काढतील, ते ओळखायचे. सामना कोण जिंकणार, ही फार पुढची गोष्ट. आधी भाव काय निघणार, ते बोला! इथे मला हे दोघे एकदम आमच्या गावचे वाटले. आमच्याकडे कांदा कसा पोसला हे कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर मोकळा होऊन गावात शिरला, की पहिला प्रश्न एकच असतो, काय भाव निघाला?

पुढे नशीब पालटलं. अमेरिकेत १९९२पासून क्रीडा सट्ट्याला आडवा येणारा एक केंद्रीय कायदा होता आणि त्यातून नेवाडासारखी मोजकीच राज्यं सुटलेली होती. १४ मे २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. निकालाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, फॉक्सच्या क्रीडावाहिनीवर ‘लॉक इट इन’ हा सट्ट्याला वाहिलेला कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात सॅल तज्ज्ञ म्हणून बसले. कालपर्यंत जे घरच्यांपासून लपवायचं, ते आता सूट घालून टीव्हीवर सांगायचं आणि वर पगार घ्यायचा. २०२१मध्ये त्यांनी आत्मचरित्रवजा पुस्तकही काढलं. त्याच्या नावाचा आशय असा, की माणसाला प्रत्येकच डाव काही हरता येत नाही. पुस्तकाचं असलं नाव ठेवणारा तज्ज्ञ मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडे शेअर बाजारावर पुस्तकं लिहिणारे मुखपृष्ठावर हात बांधून उभे असतात आणि आत कोट्यधीश होण्याचे मार्ग असतात.

तिकडच्या सट्ट्याचं गणित सोपं आहे. एक संघ दांडगा, एक मरतुकडा. मग सट्टेवाला सांगतो, दांडग्याने नुसतं जिंकून चालणार नाही, सात गुणांच्या वर फरकाने जिंकायला हवं. म्हणजे दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक मिळतं. शंभर डॉलर कमवायचे तर एकशे दहा लावायचे. हरलात तर एकशे दहा गेले, जिंकलात तर वर शंभरच आले. मधले दहा कुणाचे, हे बाजार समितीत एकदा जरी माल नेलेल्या माणसाला विचारायची गरज नाही. कोण जिंको, कोण हरो, आडत सुटत नाही. या हिशोबाने निदान ५२.४ टक्के अंदाज बरोबर आले, तरच माणूस बरोबरीत राहतो. म्हणजे शंभरात बावन्न वेळा खरं बोलणारा माणूससुद्धा तिकडे कर्जबाजारी होतो. आमच्याकडे शंभरातले दोन अंदाज खरे निघाले, तर लोक त्याला पुढच्या वेळी पॅनलमध्ये घ्यायचं बोलू लागतात.

आता या खुर्चीवर विनोदी लेखकच का शोभला? मोठमोठे माजी खेळाडू, प्रशिक्षक, आकडेशास्त्री हाताशी असताना? मला याचं उत्तर स्पष्ट दिसतं. साधा समालोचक झालेलं सांगतो. झालेलं सांगताना चुकायचं म्हटलं तरी किती चुकणार? सट्ट्याचा समालोचक होणारं सांगतो आणि उद्या पुन्हा त्याच खुर्चीवर त्याच चेहऱ्याने येऊन बसतो. त्या रात्रीच्या मधल्या वेळात त्याचं सगळं विधान मातीत गेलेलं असतं. माजी कर्णधाराला हे सोसत नाही. तो खेळपट्टीला दोष देतो, दवाला देतो, पंचाला देतो आणि अगदीच काही उरलं नाही तर ‘क्रिकेट हा अनिश्चिततेचा खेळ आहे’ म्हणतो. विनोदी लेखक मात्र पडायला सरावलेला असतो. दहा विनोद लिहायचे, सात खोलीतच मरतात, दोन दिग्दर्शक कापतो, एक पडद्यावर जातो आणि त्यालाही नेमकं कुणी हसत नाही. मग मागून हशा भरावा लागतो. अशी वीस वर्षं काढलेला माणूस पैज हरला म्हणून विरघळत नाही. उलट हरण्याची गोष्ट तो अशी सांगतो, की ऐकणाऱ्याला आपल्या हरण्याचं ओझं कमी वाटतं. लोक सॅलचा सल्ला ऐकत होते, असं मला वाटत नाही. आपल्यासारखाच बुडालेला एक जण टीव्हीवर आहे, एवढाच दिलासा त्यांना हवा होता.

मराठीत हा रस्ता निम्म्यापर्यंत बांधून तयार आहे. शिरीष कणेकरांनी सिनेमावर ‘फिल्लमबाजी’ केली, तशी क्रिकेटवर ‘फटकेबाजी’ केली. एकटा माणूस, एक माइक आणि समोर भरलेलं नाट्यगृह. खेळाडूंच्या खोड्या ऐकून लोक खुर्चीतून घसरायचे. द्वारकानाथ संझगिरी हे तर मुंबई महापालिकेत अभियंता होते. त्यांनी आयुष्यभर क्रिकेटवर अशी मिश्कील लेखणी चालवली, की सामना न पाहिलेल्यांना पाहिल्याचं समाधान मिळायचं आणि पाहिलेल्यांना आपण नेमकं काय पाहिलं ते कळायचं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट घरोघर पोचवलं. आमच्या मागच्या पिढीने ‘डावखुरा’, ‘यष्टिरक्षक’ हे शब्द शाळेत नव्हे, ट्रान्झिस्टरला कान लावून पाठ केले. ही सगळी माणसं हसली, हसवून गेली. पण उद्या कुणावर किती लावायचे, हे त्यांच्यातल्या एकानेही सांगितलं नाही. मराठी माणसाला धंदा कळत नाही म्हणतात, तो असा.

उलट्या दिशेने मात्र वाहतूक जोरात आहे. नवज्योतसिंग सिद्धू आधी खेळले, मग समालोचन करताना शेरोशायरी करू लागले, २००५मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’चे परीक्षक होऊन हसू लागले, मग कपिल शर्माच्या कार्यक्रमात खुर्ची घेऊन हसू लागले, मधल्या काळात राजकारणातही वावरले आणि २०२४च्या आयपीएलला पुन्हा समालोचनाच्या खोलीत दाखल झाले. म्हणजे खेळातून विनोदात आणि विनोदातून पुन्हा खेळात असं त्यांचं वर्तुळ पुरं झालं. सॅलना हे वर्तुळ अजून जमलेलं नाही.

आपल्याकडचे दूरचित्रवाणीवरचे विनोदी लेखक हे सॅलपेक्षा जास्त हालात दिवस काढतात. ‘चला हवा येऊ द्या’ असो की ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, दर आठवड्याला नवं स्किट हवं, त्यात नवा नवरा हवा, नवी बायको हवी आणि जुनीच सासू हवी. या मंडळींपैकी एखाद्याने कंटाळून उद्या ठरवलं, की बास झाली प्रहसनं, आता आपण सामन्यांचे भाव सांगणार, तर काय होईल? सॅलला कार्यक्रम मिळाला, याला पोलीस ठाणं मिळेल. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला काही नाही. त्याला आधीच शिक्षा झालेली असते, असा सरकारचा विचार असावा. कायदा येताच भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचं ‘ड्रीम इलेव्हन’ या अशाच खेळाच्या कंपनीचं नाव उतरलं. तोवर गावोगावची पोरं दर संध्याकाळी अकरा-अकरा खेळाडूंचे संघ निवडत होती. पुणतांब्यात तर अशी परिस्थिती होती, की भारताचा संघ निवडण्याचा अनुभव असलेली माणसं गावात डझनाने आणि ऊस तोडायला माणूस मिळत नाही.

या कायद्याच्या आधीच्या महिन्यात आमच्या शेजारच्या तालुक्यांत एक प्रकरण फार चवीने चघळलं गेलं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे हे विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसतो, अशी एक चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. तो मानायला आमची हरकत नाही. घालवायला गेलं, तर जाहिरात आमच्या मोबाइलवरही जाताना आणखी दोघींना घेऊन येते. खरी बहार पुढे आहे. महिना संपता संपता त्यांचं कृषिखातं गेलं आणि त्याच्या जागी त्यांना क्रीडाखातं मिळालं. शेतीतून खेळात जाण्याचा हा अस्सल मराठी मार्ग. यासाठी टीव्हीवरच्या कुठल्याही विनोदी लेखकाला लेखणी उचलावी लागली नाही.

पण केंद्राचा कायदा परवाचा. आपला राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा आहे १८८७चा आणि तो रिकाम्या वेळी वाचावा असा आहे. जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं, हे त्यात तपशीलवार दिलंय. कापूस, अफू किंवा आणखी कुठल्या मालाच्या बाजारभावावर पैज लावण्याची जागा म्हणजे अड्डा. तो भाव किती वर-खाली होईल, यावर पैज लावण्याची जागा म्हणजेही अड्डा. पाऊस पडेल की पडणार नाही, किती पडेल, यावर पैज लावण्याचीही जागा अड्डाच. एवढंच काय, मोटारीच्या नंबरावर लावलेली पैजसुद्धा त्यात आहे. आता मला सांगा, मालाच्या भावावर आणि पावसाच्या मापावर सर्वस्व लावून बसलेली जागा कोणती? अहिल्यानगर जिल्हा, तालुका राहाता, मौजे पुणतांबा. गोदावरीच्या काठाने एक फेरी मारली तरी पोलिसांना चार-पाचशे एकराचा अड्डा रंगेहाथ सापडेल, कांद्याच्या रोपांसकट.

मुंबईचा मटकासुद्धा असाच शेतमालातून जन्मला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि बंद व्हायचा, तो तारेने मुंबईला यायचा आणि त्या आकड्यांवर इकडच्या गिरणगावातली माणसं बुडायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडून आकडे येणं थांबलं. धंद्याला माल हवा, म्हणून कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळी मटका सुरू केला. दोन वर्षांनी रतन खत्रींनी स्वतःचा वेगळा काढला. पुढे पत्त्यांतून आकडे निघू लागले आणि कापसाची गरज उरली नाही. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे दोन शब्द मात्र बाजारातले, तसेच राहिले. ज्याने कापूस पिकवला, त्याचं नाव या इतिहासात कुठेच येत नाही. पण पहिला आकडा त्याने लावला होता, पेरणीच्या दिवशी.

तेव्हा सॅलसाहेबांनी फुटबॉलचे भाव ओळखले, त्याचं एवढं काय? त्यांनी एकदा कांद्याचा ओळखून दाखवावा. फुटबॉलच्या सामन्यात खेळ सुरू झाल्यावर मैदानाची लांबी कुणी बदलत नाही. आमच्याकडे बदलतात. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली. कधीपर्यंत? तर ३१ मार्च २०२४पर्यंत. लोकांनी त्या तारखेवर हिशोब मांडला, तर मार्च संपायच्या आत बंदी पुढे वाढली. मग ४ मेला ती उठली. पण टनाला किमान साडेपाचशे डॉलर भाव हवा आणि वर चाळीस टक्के शुल्क. आमच्या शिर्डी मतदारसंघात मतदान होतं १३ मेला. या दोन तारखांचा संबंध लावायला मात्र पारावर कुणी तज्ज्ञ लागला नाही. सप्टेंबरात किमान भावाची अट गेली, शुल्क वीस टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला तेही गेलं. मधल्या दीड वर्षात ज्यांनी लवकर विकला ते पस्तावले, ज्यांनी चाळीत ठेवला ते पस्तावले आणि ज्यांनी लावलाच नव्हता ते सगळ्यांना सांगत सुटले, की बघा, मी म्हणत नव्हतो? लास व्हेगासच्या एखाद्या सट्टेवाल्याने अशी मधेच अट बदलली असती, तर गिऱ्हाइकांनी त्याचं दुकान फोडलं असतं. आमच्याकडे याला धोरण म्हणतात.

आमच्याकडे एक आजोबा आहेत, ते कांद्याचा भाव चुकूनही आकड्यात सांगत नाहीत. ‘यंदा बरा राहील’, एवढंच. बरा म्हणजे किती, असं कुणी खोदून विचारलं, की ते उपरण्याने तोंड पुसतात आणि म्हणतात, ‘तुला किती पाहिजे?’ पन्नास वर्षांत या माणसाचा एकही अंदाज चुकलेला नाही. सॅलने यांच्याकडे उमेदवारी केली असती, तर त्याला पुस्तकाचं नाव दुसरं ठेवावं लागलं असतं.

पुणतांब्याने एकदा मात्र स्वतःच डाव मांडला. पिकवणारेच संपावर गेले तर काय होतं ते पाहू, असं एप्रिल २०१७च्या ग्रामसभेत ठरलं आणि १ जूनपासून शेतकरी संप सुरू झाला. तेव्हा गावात ओबी व्हॅन एवढ्या आल्या, की बैलगाड्यांना वळायला जागा उरली नाही. सट्ट्याचं समालोचन म्हणजे काय असतं, ते आम्ही त्या आठवड्यात फुकट पाहिलं. संप टिकणार का? किती दिवस? फुटणार का? कोण फोडणार? टीव्हीवरचा प्रत्येक जण आकडा सांगत होता. गावातली माणसं घरात बसून टीव्हीवर पाहत होती, की आपण पुढे काय करणार आहोत. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांबरोबर बोलणी होऊन संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. ज्यांनी ‘फुटणार’वर लावले होते ते जिंकले, असं वाटेपर्यंत दिवस उजाडला आणि बऱ्याच ठिकाणी लोकांनी सांगितलं, आमचा संप चालूच आहे. मग ‘टिकणार’वाले जिंकले. शेवटी २४ जूनला सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि मग सगळेच म्हणू लागले, की आम्ही हेच सांगत होतो. त्यानंतर जून २०२२मध्ये गावाने पुन्हा धरणं धरलं. या वेळी व्हॅन कमी आल्या. एकाच सामन्याचं पुनःप्रक्षेपण कोण पाहतं?

आणि या बाबतीत आमच्या गावाचा पाया फार जुना आहे. चांगदेव महाराजांची समाधी पुणतांब्यातच आहे. कथा सगळ्यांना पाठ आहे; पण ती सट्टेवाल्याच्या नजरेने कुणी पाहिलेली नाही. एका बाजूला चौदाशे वर्षं काळाला हुलकावणी दिलेले योगी, वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा मेळा. दुसऱ्या बाजूला चार पोरकी भावंडं, सकाळच्या उन्हात एका पडक्या भिंतीवर बसलेली. त्या दिवशी कुणी भाव काढला असता, तर भिंतीवर फुटकी कवडी लावणारं गिऱ्हाईक सबंध महाराष्ट्रात मिळालं नसतं. भिंत चालली! आणि त्याच्याही आधीची ती पत्राची गोष्ट. ज्ञानेश्वरांना लिहायचं, तर वडीलकीने ‘चिरंजीव’ लिहावं की मान राखून ‘तीर्थरूप’, हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या. टीव्हीच्या विनोदी लेखकाला रात्री दोन वाजता कोऱ्या कागदासमोर बसून जे काही होत असेल, त्याला आमच्या गावात अशी थोर परंपरा आहे. पुढे चांगदेवांनी वयाने सगळ्यांत लहान असलेल्या मुक्ताबाईला गुरू केलं. आपला अंदाज चुकला, हे इतक्या मोठेपणाने मान्य करणारा जाणकार पुढल्या सात शतकांत या गावाने दुसरा पाहिला नाही. पारावर तर नाहीच नाही.

म्हणून माझं मत असं आहे, की सट्ट्याचं समालोचन हा धंदा विनोदी लेखकांनीच करावा. आणि कायदा आडवा येत असेल, तर त्यांनी खेळ सोडून शेतमालाकडे वळावं. सध्या हे काम टीव्हीवर टाय लावलेली माणसं करतात. ती फार गंभीरपणे सांगतात, म्हणून फसगत होते. तीच वाक्यं ‘हास्यजत्रे’तल्या एखाद्याने चेहरा वाकडा करून म्हटली, तर शेतकरी हसेल, पण त्या भरवशावर दोन एकर जास्तीचं रोप टाकणार नाही. यात निदान बियाण्याचे पैसे वाचतात.

तेव्हा मराठी वाहिन्यांवरच्या समस्त हास्यलेखकांना कळवण्यात येतं, की पुणतांब्यात कांदाभाव समालोचकाची जागा रिकामी आहे. पैजा घ्यायच्या नाहीत, नुसता भाव सांगायचा आहे, त्यामुळे १८८७च्या कायद्याचंही भय नाही. उमेदवाराला अंदाज चुकवण्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, शेती नसावी आणि लिलावाच्या दिवशी गावात थांबायची तयारी हवी. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर पुणतांबा स्टेशनला उतरावं. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो, तेव्हा गाडीत झोपू नये. मानधन नाही, चहा आहे. अर्ज मृगाच्या आधी यावेत, नंतर ते वाचायला गावात कुणी नसतं.